राखेखालचा विस्तव

वाचकहो, आपल्या घरातील कागदपत्रांच्या पिशवीत एखादा तरी सोनोग्राफीचा अहवाल असेलच. मूतखड्यासाठी, पोटदुखीसाठी किंवा एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी कधीतरी काढलेला. तो एकदा बाहेर काढा आणि यकृतासंबंधीची ओळ वाचा. 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असे शब्द तेथे असण्याची शक्यता बरीच आहे. ज्या कारणासाठी तपासणी केली ते मिटले, की ही ओळ कोणी पुन्हा वाचत नाही. 'हे हल्ली सगळ्यांनाच असते', असे म्हणून आपण पिशवीची गाठ बांधतो. पुष्कळांना असते हे खरे. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. या ओळीपासून यकृताच्या कर्करोगापर्यंत एक वाट जाते. ती कशी जाते आणि तिच्यावरून मागे फिरण्याच्या जागा कोठे आहेत, हे आज तुम्हांला सांगायचे आहे.

बीडहून मांजरसुंब्याला येऊन पाटोद्याच्या रस्त्याला लागले, की बालाघाटाच्या डोंगररांगेत आमचे लिंबागणेश लागते. भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत त्याची ओळख. मुलूख अवर्षणाचा. ज्वारी, बाजरी, तूर, उतारावरची सीताफळे, आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघणारी बिऱ्हाडे. 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसे या भागात अजून हयात आहेत. अशा मुलखात सुटलेले पोट बरकतीचे लक्षण मानले गेले, तर त्यात नवल नाही. 'अंगाने भरला', 'खात्यापित्या घरचा दिसतो', हे आमच्याकडचे कौतुकाचे उद्गार. लंबोदर हे नाव देवाला शोभते. माणसाच्या पोटाचा हिशेब मात्र निराळा असतो, हे आम्हांला फार उशिरा कळू लागले आहे.

माझ्या एका चुलत्यांचे उदाहरण येथे देतो. गळ्यात तुळशीची माळ, वर्षानुवर्षे आषाढीची वारी, दारूच्या वासालाही न फिरकणारा माणूस. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे आलेले. मधुमेह बारा वर्षांचा. साठी ओलांडल्यावर वजन घटू लागले, भूक गेली, उजव्या कुशीत जडपणा आला. निदान झाले तेव्हा यकृतातील गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली होती. पाच महिन्यांत ते गेले. त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली : 'माळ नावाला असेल. चोरून घेतल्याशिवाय का लिव्हर जाते?' ही कुजबुज चुलतीच्या कानी पोहोचली. दहाव्यापर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ती न विचारता सांगत राहिली, 'माळेची शपथ, कधी शिवले नाहीत हो.' जिला आधार द्यायचा, तिलाच आम्ही साक्ष द्यायला उभे केले.

हा संशय आमच्या गावापुरता नाही. 1980 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग यांनी वीस रुग्णांच्या यकृताचे नमुने तपासून एक शोधनिबंध लिहिला. हे नमुने मद्यपींच्या यकृतासारखे दिसत, पण रुग्ण मद्यपी नव्हते; बहुतेक स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. तोवर नाव नसलेल्या या विकाराला लुडविग यांनी मद्याविना होणारा मेदजन्य यकृतदाह असे नाव दिले. पुढे चाळीस वर्षे या आजाराच्या नावात 'मद्य' हा शब्द, नकारासह का होईना, राहिलाच. 2023 मध्ये जगभरातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी ते नाव बदलले. नावातील शब्दांमुळे रुग्णाला उगाच कलंक लागतो, हे त्यामागचे एक कारण होते. आता त्याचे नाव 'चयापचयातील बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृतविकार' अशा अर्थाचे आहे. नाव अवघड आहे, पण ते बोट योग्य ठिकाणी ठेवते : दोष बाटलीत नसून शरीराने साखर व मेद हाताळण्याच्या व्यवस्थेत आहे.

आता मूळ प्रश्न. पोटावरची चरबी आणि यकृतातील कर्करोग यांचा संबंध जुळतो कोठे? उत्तर एका शब्दात सांगायचे तर, दाहात.

रानात बाभळीचा काटा पायात मोडला, की ती जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. रक्तातील संरक्षक पेशी तेथे धावून आलेल्या असतात. त्या जंतू मारतात, मेलेल्या पेशी उचलतात, जखम भरू लागली की परत जातात. हा दाह उपकारक आहे. त्याला आरंभ आहे तसा शेवटही आहे. पण भुशाच्या ढिगात पडलेली ठिणगी भडकत नाही आणि विझतही नाही. वरून राख दिसते, आत विस्तव धुमसत राहतो. स्थूल शरीरातील दाह या दुसऱ्या जातीचा. त्याला ताप नसतो, ठणका नसतो. तो वर्षानुवर्षे चालतो.

तो सुरू होतो चरबीच्या पेशींत. या पेशी म्हणजे शरीराची धान्याची कणगी. गरजेपेक्षा जास्त आले, की त्यांनी साठवायचे; उपासमारीत बाहेर काढायचे. पण कणगी सतत ठासून भरत राहिली, तर या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, काही मरतात. मेलेल्या पेशींभोवती भक्षक पेशींचे कडे पडते. या भक्षक पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन 6 यांसारखी दाह पेटवणारी रसायने सोडतात. उंदरांच्या चरबीतून टीएनएफ स्रवतो आणि तो इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतो, हे 1993 मध्ये हार्वर्डमधील संशोधनात दिसून आले. चरबी ही मुकी साठवण नसून रक्तात निरोप धाडणारे इंद्रिय आहे, ही समज त्यानंतर पक्की होत गेली.

इन्शुलिनचा हुकूम चालेनासा झाला, की चरबीच्या पेशी साठा धरून ठेवू शकत नाहीत. त्यातील मेदाम्ले रक्तात उतरतात. पोटातील आतड्यांभोवतीच्या चरबीतून निघणारे रक्त तर थेट यकृताकडेच जाते. शिवाय साखरेतील फ्रुक्टोज हा अर्धा भाग मुख्यत्वे यकृतातच रिचवला जातो आणि जास्त झाला तर तेथेच त्याचा मेद बनतो. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला, की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात.

बहुसंख्य लोकांचे यकृत या टप्प्यावरच थांबते, हे आवर्जून सांगतो, म्हणजे अहवाल हाती घेऊन कोणी घाबरणार नाही. पण काहींमध्ये हा मेद यकृताच्या पेशींना इजा करू लागतो. आतड्यातील जंतूंचे अंशही रक्तावाटे तेथे पोहोचतात. यकृतातील भक्षक पेशी जाग्या होतात आणि दाह पेटतो. मग पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या जन्मतात. पुन्हा मरतात, पुन्हा जन्मतात. यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात; एरवी त्या अ जीवनसत्त्व सांभाळत स्वस्थ बसलेल्या असतात. दाहाने चेतल्या, की त्या जखमेच्या वणासारखे तंतू विणू लागतात. मऊ यकृतात तंतूंची जाळी वाढत गेली, की ते गाठाळ व कठीण होते. यालाच सिरॉसिस म्हणतात.

पेशी दुभंगताना तिच्यातील जनुकांची नक्कल करावी लागते. पोथी जितक्या वेळा उतरवावी, तितक्या चुका शिरतात. दाहात तयार होणारी रसायने मूळ पोथीवरही ओरखडे पाडतात. अशी बिघडलेली पेशी एरवी मरते किंवा मारली जाते. पण सतत धुमसणाऱ्या यकृतात पहारेकरी पेशी थकलेल्या असतात आणि इंटरल्युकिन 6 सारखी रसायने बिघडलेल्या पेशीलाही 'जग, वाढ' असाच निरोप देत राहतात. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातील मायकेल कारिन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवले, की स्थूलतेमुळे यकृतातील गाठी वाढतात. परंतु टीएनएफ किंवा इंटरल्युकिन 6 यांचे काम बंद पाडले, तर स्थूलतेचा हा परिणाम उरत नाही. म्हणजे मेद हे सरपण, आणि विस्तव दाहाचा. कर्करोगाच्या गाठींत दाहाच्या पेशी असतात, हे जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्खो यांनी 1863 मध्येच टिपून ठेवले होते.

माणसांतील पुरावाही आहे. अमेरिकेतील नऊ लाख प्रौढांचा सोळा वर्षे मागोवा घेऊन 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अतिस्थूल पुरुषांचे यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सामान्य वजनाच्या पुरुषांच्या साडेचार पट आढळले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मेदयुक्त यकृतविकारात काही रुग्णांना सिरॉसिसचा टप्पा न गाठताच कर्करोग होतो.

येथे तुम्ही विचाराल, 'अतिस्थूल माणसे अमेरिकेत. आमच्याकडे तर काटक माणसे. त्यांना याचे काय?' याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, 22.3. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. वजनकाटा दोघांना एकच म्हणत होता. शरीरे मात्र वेगळी होती.

याज्ञिक यांच्या चमूने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडच्या साउदम्प्टनमधील बाळांचे 3.5 किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बाळ कृश, तरी चरबीदार. गर्भातच अभावाची चाहूल लागलेले शरीर साठवण करायला शिकून जन्माला येते. दुष्काळाचा वारसा असलेल्या आमच्यासारख्या मुलखाने हे वाक्य दोनदा वाचावे. 1972 च्या आगेमागे जन्मलेली मुले आज पन्नाशीत आहेत. त्यांची शरीरे तुटवड्यासाठी घडलेली; आज त्यांच्यापुढे साखरेचा चहा, फरसाण आणि दाराशी मोटारसायकल आहे. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील 2010 च्या अभ्यासात मेदयुक्त यकृत असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्थूल नव्हते, त्यांचे पोटही सुटलेले नव्हते. माझ्या चुलत्यांचे काटकुळे हातपाय पाहून आम्ही निश्चिंत होतो. त्या हातापायांनी काही सिद्ध होत नव्हते.

आणि यकृत स्वतःहून बोलत नाही. त्याच्या आतील भागाला वेदनेची जाणीव नाही. वरचे आवरण ताणले गेले तरच दुखते. म्हणून दुखण्याची वाट पाहू नये, मोजमाप करावे.

पहिले मोजमाप शिंप्याच्या टेपचे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, घेर मोजा. पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही आपल्याकडील मर्यादा. बीएमआय 23 च्या वर गेला, की आपल्यासाठी वजन जास्त धरावे. दुसरे मोजमाप रक्ताचे. एसजीओटी व एसजीपीटी हे आकडे ठीक असले, तरी यकृतात तंतू वाढलेले असू शकतात. त्यासाठी फिब-फोर नावाचा सोपा हिशेब आहे : वयाला एसजीओटीने गुणा; प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा; पहिल्याला दुसऱ्याने भागा. वय 52, एसजीओटी 48, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट 1 लाख 80 हजार असतील, तर उत्तर 1.73 येते. 1.3 च्या आत धोका कमी, 2.67 च्या वर असल्यास तज्ज्ञाकडे जावे. मधल्या आकड्याला यकृताचा कठीणपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी करावी. पासष्टीनंतर 1.3 ऐवजी 2 ही मर्यादा धरतात. हा आकडा स्वतः निदान करण्यासाठी नाही. 'मला पुढची तपासणी हवी का?' असे डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे. मधुमेहींनी तर तो विचारावाच, कारण मधुमेहाने यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट होतो. केंद्र शासनाने फेब्रुवारी 2021 मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे; तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासायला गेलात, तर हा विषयही काढा. ज्यांना सिरॉसिस झालेलाच आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये. गाठ लहान असताना सापडली, तर ती काढता येते, जाळता येते.

आमच्याकडे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' अशी म्हण आहे. 'लिव्हर टॉनिक'च्या बाटल्या रिचवणे हा त्यातलाच प्रकार. आग पोटाच्या घेरात आणि ताटात लागलेली, विझवायचे तेथेच. वजन पाच टक्के घटले, की यकृतातील मेद कमी होऊ लागतो. सात ते दहा टक्के घटले, की दाह शमू लागतो. क्यूबामधील 293 रुग्णांचे वर्षभर निरीक्षण करून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा टक्के किंवा अधिक वजन घटवलेल्यांपैकी नव्वद टक्के रुग्णांचा यकृतदाह नाहीसा झाला आणि पंचेचाळीस टक्के रुग्णांत तंतूही मागे हटले. ऐंशी किलोच्या माणसासाठी दहा टक्के म्हणजे आठ किलो. ते आठवड्याला अर्धा किलो या गतीने जावेत. कडक उपासाने झपाट्याने उतरवलेले वजन यकृतालाच त्रास देते.

ताटाचा विचार करताना परदेशी फळे शोधण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, अंबाडी, मेथी, जवसाची चटणी, ताक, हे आपल्या घरचेच आहे. कमी करायची ती साखर. दोन चमचे साखरेचे सहा कप चहा म्हणजे सुमारे 60 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची कमाल मर्यादा साधारण 50 ग्रॅम आहे, आणि 25 ग्रॅम झाली तर उत्तम. गूळ घातला म्हणून हिशेब बदलत नाही. शीतपेये आणि मुलांच्या हातातील पाकिटे यांनाही हेच लागू. हा विकार आता मुलांतही आढळतो. आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालावे. वजन उतरले नाही, तरी चालण्याने यकृतातील मेद कमी होतो. दारू अजिबात नको, कारण धुमसत्या भुशावर ते तेलच आहे. हिपॅटायटिस बी हाही या कर्करोगाचा मोठा कारक. बाळाला जन्मतःच त्याची लस द्यावी. बुरशी आलेले शेंगदाणे निवडून टाकावेत, कारण त्यातील अफ्लाटॉक्सिन यकृताला कर्करोगकारक आहे.

घरातील स्त्रियांबद्दल वेगळे सांगायला हवे. मासिक पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्त्रीच्या यकृताचे काही अंशी रक्षण करते. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेली, ही बाब 2019 मध्ये शासकीय समितीपुढे आली. ज्यांची बीजांडेही निघाली, त्यांचे हे रक्षण ऐन तिशीत संपले. घरात अशी कोणी आई, बहीण, जाऊ असेल, तर तिच्या कमरेचा घेर आणि साखर आधी तपासा. सर्वांच्या मागून जेवणारी ही बाई स्वतःहून तपासणीला जाणार नाही.

आता पिशवीतला तो अहवाल पुन्हा आत ठेवण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे चार आकडे लिहा : कमरेचा घेर, वजन, उपाशीपोटीची साखर आणि फिब-फोर. शेजारी तारीख टाका. सहा महिन्यांनी तेच चार आकडे त्याखाली पुन्हा लिहा. आणि गावात कोणी यकृताच्या आजाराने गेले, तर त्या घरी बसायला जाताना 'घेत होते का?' हा प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवा.